तेरा नंबरची डिस्क आणि माझा सहा नंबरचा हात

(सॅन होजेजवळ मराठी मंडळींच्या उन्हाळी मेळाव्यात झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. जेवणं झालीत, वर मठ्ठाही झालाय, आणि आता मी तुमच्यापुढे प्लॅस्टिकच्या चकत्यांवर बोलायला उभी आहे. कोणाला डुलकी लागली तर मी रागावणार नाही.

गेल्या वर्षभरात आपल्यातली बरीच मंडळी डिस्क गोल्फ, म्हणजे चेंडूऐवजी चकती फेकत ती टोपलीत टाकायचा गोल्फ, खेळायला लागली आहेत. खेळ स्वस्त, बहुतेक कोर्स फुकट, आणि मुलांना घराबाहेर काढायला बरा बहाणा. पण दोन महिने झाले की प्रत्येकाची तक्रार एकच. लांब जात नाही हो! मग माणूस दुकानात जातो आणि ज्या डिस्कवर सगळ्यात मोठा आकडा छापलाय ती उचलून आणतो. मीही तेच केलं. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मुलाच्या मागे मागे खेळायला लागले आणि तिसऱ्याच आठवड्यात 13 स्पीडची, 175 ग्रॅमची, छान जांभळ्या रंगाची डिस्क घेतली. पहिल्याच फेकीला ती दीडशे फूट गेली आणि कोणी कान धरून ओढावं तशी डावीकडे वळून थेट पॉयझन ओकच्या, म्हणजे अंगाला खाज आणणाऱ्या, झुडपात घुसली. ती काढायला मी आत गेले. पुढचे दहा दिवस कॅलामाइन लावून बसले होते. डिस्कचं नाव सांगत नाही, तिचा काही दोष नव्हता. तिला जो हात हवा होता तो माझ्याकडे नव्हता, एवढंच.

डिस्कवर चार आकडे असतात. स्पीड, ग्लाइड म्हणजे हवेत तरंगत राहण्याचा गुण, टर्न आणि फेड. ही पद्धत इनोव्हा कंपनीने रूढ केली, आता जवळजवळ सगळेच वापरतात. मात्र हे आकडे ज्याची त्याची कंपनी ठरवते, त्यांना सरकारी शिक्का वगैरे नाही. एका कंपनीचा 9 दुसरीच्या 9 सारखा उडेलच असं नाही. आपली सगळ्यांची फसगत होते ती पहिल्या आकड्यापाशी. स्पीड 13 म्हणजे ही डिस्क 13 च्या वेगाने जाईल, असं आपण धरून चालतो. त्याचा खरा अर्थ असा, की एवढ्या जोरात फेकलीत तरच मी माझ्या गुणाप्रमाणे वागेन. तो आकडा म्हणजे डिस्कने आपल्याला घातलेली अट आहे.

असं का होतं ते बघू. तुम्ही लहानपणी भोवरा फिरवलाय ना? फिरत्या भोवऱ्याला बाजूने बोट लावलं तर तो ढकलल्या दिशेला न जाता काटकोनात कलतो. डिस्क हा हवेत आडवा फिरणारा भोवराच आहे. उजव्या हाताने बॅकहँड फेकली की वरून बघताना ती घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते. सुरुवातीला ती भरधाव असते तेव्हा हवेची उचल तिच्या मध्याच्या किंचित मागे लागते. त्यामुळे नाक, म्हणजे पुढचा काठ, खाली दाबलं जायला हवं, पण भोवऱ्याच्या न्यायाने डिस्क उजवीकडे कलते. हा टर्न. पुढे वेग ओसरतो, उचल मध्याच्या पुढे सरकते, नाक वर जाऊ बघतं आणि डिस्क डावीकडे कलते. हा फेड. डावखुऱ्यांनी सगळं उलट धरावं. आमच्या घरी हे डावखुरे आहेत, त्यामुळे आम्ही दोघं एकाच झाडाच्या दोन बाजूंना डिस्क शोधत असतो.

क्रिकेटवाल्यांना झहीर खानचा रिव्हर्स स्विंग आठवेल. तिथलं कारण वेगळं, शिवण आणि घासलेल्या बाजूचं. पण वेग बदलला की वळण्याची दिशा बदलते हा चमत्कार दोन्हीकडे आहे.

लांब पल्ल्याचं सगळं गुपित या दोन वळणांत दडलंय. आधी थोडं उजवीकडे, मग परत डावीकडे. वरून पाहिलं तर लांबट, सैल एस. डिस्क उजवीकडे जाऊन परत येते तेवढा वेळ ती हवेत राहते, आणि तेवढंच अंतर वाढतं. आता रुंद काठाची, 13 स्पीडची डिस्क आपल्यासारख्या हाताने फेकली तर काय होतं? टर्नसाठी लागणारा वेग तिला मिळतच नाही. एसचा पहिला अर्धा भाग गायब, आणि हातातून सुटल्या सुटल्या फेड सुरू. माझी जांभळी तशीच गेली होती.

हे सगळं काठामुळे. 1983 च्या आधी लोक फ्रिसबीसारख्याच गोल काठाच्या चकत्या फेकायचे. त्या वर्षी इनोव्हाचे एक संस्थापक डेव्ह ड्युनिपेस यांनी तिरका, धारदार काठ असलेली ईगल नावाची डिस्क आणली आणि खेळच बदलला. धारदार काठ हवा कापतो. काठ जितका रुंद तितकी हवेची अडवणूक कमी, पण तितकाच फेकण्याचा वेग जास्त लागतो. पीडीजीए म्हणजे या खेळाची मुख्य संघटना, तिच्या नियमाप्रमाणे काठ जास्तीत जास्त 2.6 सेंटिमीटर रुंद चालतो. माझ्या हातात आत्ता लेपर्ड नावाची डिस्क आहे, तिचा काठ त्यापेक्षा कितीतरी अरुंद आहे. बोटं बघा, आतल्या बाजूला नीट टेकतात. आता हा डिस्टन्स ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब फेकायची रुंद काठाची डिस्क. बोटं अर्ध्यात संपली. ज्यांचे हात लहान आहेत त्यांच्या हातून ही सुटते, निसटते, फेकली जातच नाही. ताई, तुम्ही धरून बघा. हं, कळलं ना?

तर घ्यायचं काय? माझं मत सांगते, पटलं नाही तर चहाच्या वेळी भांडू. स्पीड 6 ते 9, ग्लाइड 5 किंवा जास्त, टर्न उणे 2 किंवा त्याहून खाली, फेड 1. याला फेअरवे ड्रायव्हर म्हणतात, आणि टर्नचा आकडा असा असला की अंडरस्टेबल, म्हणजे सहज टर्न होणारी. इनोव्हाची लेपर्ड आहे 6, 5, उणे 2, 1. लॅटिट्यूड 64 ही स्वीडनची कंपनी, तिची डायमंड 8, 6, उणे 3, 1. जरा सवय झाली की साइडवाइंडर, 9, 5, उणे 3, 1. आता शेजारी डिस्ट्रॉयर ठेवा, मोठमोठे खेळाडू फेकतात ती. 12, 5, उणे 1, 3. नुसता शेवटचा आकडा बघा. शेवटी डावीकडे पडायची ओढ तिच्यात किती जास्त आहे! कमी वेगाच्या हाताला तेवढंच पदरात पडतं.

वजनाचं कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. नियमाने व्यासाच्या दर सेंटिमीटरला 8.3 ग्रॅम चालतात. म्हणजे साधारण 21.2 सेंटिमीटरच्या ड्रायव्हरला जवळजवळ 176 ग्रॅम. दुकानात पुढे मांडलेल्या बहुतेक 170 च्या वरच्याच असतात. मागच्या खणात 150 ते 160 मधल्या असतात, त्या मागून घ्या. हलकी डिस्क त्याच ताकदीत जास्त वेगाने सुटते आणि जास्त सहज टर्न होते. माझ्या फेकीत सगळ्यात मोठा फरक पडला तो वजनामुळे, आकड्यांमुळे नव्हे. तोटा एकच. समोरून वारा असला की हलकी डिस्क पतंगासारखी भरकटते. समोरच्या वाऱ्यात डिस्कला हवेचा वेग जास्त मिळतो, म्हणून प्रत्येक डिस्क नेहमीपेक्षा जास्त टर्न होते. मागून वारा असला की उलट, लवकर फेड. हे लक्षात ठेवलंत तर निम्म्या वेळा स्वतःला शिव्या द्याव्या लागणार नाहीत.

प्लॅस्टिकचं थोडक्यात. स्वस्त प्लॅस्टिकच्या डिस्क झाडांवर आपटून लवकर झिजतात आणि झिजल्या की आणखी अंडरस्टेबल होतात. आपल्याला तेच हवंय. म्हणून वापरलेली, कडेला खरचटलेली डिस्क कोणी दोन डॉलरला देत असेल तर घ्या, नाक मुरडू नका. महागाचं प्लॅस्टिक टिकतं, पण सुरुवातीला जास्त हट्टी असतं.

आता एक कटू गोष्ट. वर सांगितलेली डिस्क घेतलीत आणि तरी ती वर चढून, थबकून डावीकडे पडली, तर दोष डिस्कचा नाही, नाकाचा आहे. सुटताना पुढचा काठ वर असला की डिस्क हवेत ब्रेक लावते. पंगतीत आमटीने भरलेलं ताट तुम्ही कसं नेता? पुढची कड वर केलीत तर आमटी तुमच्याच अंगावर. डिस्कही तशीच न्यायची, छातीसमोरून सरळ, कड न उचलता. नवख्या माणसाचा बराचसा पल्ला या नाकातच अडकलेला असतो. मी गल्लीतल्या शाळेच्या मैदानावर एकच लेपर्ड पाच-पाच वेळा फेकून पावलं मोजायचे. पहिल्या दिवशी सत्तर पावलं. पाचव्या आठवड्यात, नाक खाली आल्यावर, एक फेक अशी गेली की आधी वाटलं हरवली. डावा काठ जरा खाली ठेवून फेकली होती. ती हवेत हळूच सरळ झाली, उजवीकडे तरंगली, क्षणभर थांबल्यासारखी वाटली आणि मग परत मध्यावर येऊन गवतात बसली. एकशे आठ पावलं. मैदानावर कोणी नव्हतं. मी घरी फोन करून सांगितलं, तर पलीकडून विचारलं, कुकर लावायचा का?

मिडरेंज, म्हणजे मध्यम पल्ल्याची, डिस्क दोनशे, सव्वादोनशे फूट सरळ जात नसेल तर ड्रायव्हरवर पैसे घालवू नका, असं जुने खेळाडू सांगतात. मी तेव्हा ऐकलं नाही. तुम्ही ऐका. अंथरूण पाहून पाय पसरावेत, आणि हात पाहून काठ निवडावा.

(प्रश्न आला: मग ते तीनशे मीटर वगैरे कसं फेकतात?)

डेव्हिड विगिन्स ज्युनियर, 2016, नेवाडाचं वाळवंट, 338 मीटर. तीन फुटबॉल मैदानं एकापुढे एक मांडली तरी उरेल. पण मागून सोसाट्याचा वारा होता, आणि फेकणारा लहानपणापासून फेकतोय. तो आपला मापदंड नाही. सांताक्रूझच्या डिलावियागा कोर्सच्या शेवटच्या होलवर, ज्याला टॉप ऑफ द वर्ल्ड म्हणतात, तिथे डोंगरावरून मॉन्टेरे उपसागर दिसतो. नवखी मंडळीही तिथे खाली जोरात फेकतात आणि घरी येऊन साडेतीनशे फुटांच्या गोष्टी सांगतात. उतार मोजत नाहीत. असो, मीही सांगितल्या आहेत.

(प्रश्न: फोरहँड फेकली तर?)

फिरण्याची दिशा उलटते, म्हणून वळणंही उलटतात. आधी डावीकडे, मग उजवीकडे. लगोरी फोडायला चेंडू खालून, मनगटाने मारायचो ना, साधारण तसा हात. पण फोरहँडला बऱ्याच जणांचं मनगट डिस्कला भुंग्यासारखं थरथरवतं, आणि फार अंडरस्टेबल डिस्क मग उलटीच होते. फोरहँडसाठी टर्न उणे 1 पर्यंतच ठेवा, फेड 2 चालेल.

एवढं पुरे. मी सात-आठ डिस्क आणल्यात, दोन डायमंड 150 च्या आसपासच्या आहेत, त्या आधी घ्या. वारा मागून आहे, उन्हं उतरली आहेत, मैदान रिकामं आहे. फक्त मुलांना माझ्या डाव्या हाताला उभं करू नका. अजूनही बरंच काही तिकडेच पडतं.