कॉइल फेकण्याआधी

(पत्र्यावर कोसळणारा पाऊस. फोंड्यातलं गॅरेज.)

फर्मागुडीच्या चढावर बंद पडलेली ही प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसी, चार सिलिंडर. दोरी बांधून ओढत आणली. मालकांच्या हातात नव्या कॉइलचं, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या डब्याचं, खोकं आहे, कारण दुकानदारानं गाडी न बघताच सांगितलं होतं, "कॉइल गेली." भर पावसात, अशाच बोलण्यावर भंगारात गेलेल्या धडधाकट कॉइली आम्ही पाहिल्या आहेत. म्हणूनच कॅमेरा घेऊन इथे आलो.

(करवतीनं उभी कापलेली कॉइल, अगदी जवळून.)

ही मात्र खरोखर मेलेली. मेस्त्रींनी शिकाऊ पोरांना दाखवायला कापून ठेवली आहे. मधोमध लोखंडी पट्ट्यांचा गाभा. त्यावर केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे, ही सेकंडरी. तिच्यावरून जाड तारेचे काहीशे वेढे, ही प्रायमरी. उरलेल्या जागेत तेल होतं. पॉइंट, म्हणजे इंजिनाबरोबर उघडमिट होणारा स्विच, मिटलेले असताना प्रायमरीतून करंट वाहतो, गाभ्यात चुंबकत्व भरतं. पॉइंट उघडले की करंट तुटतो, चुंबकत्व कोसळतं, आणि १२ व्होल्टांच्या बॅटरीवर हजारो व्होल्टांची ठिणगी उडते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० वेळा.

प्रायमरीत किती करंट शिरेल, हे तिच्या रेझिस्टन्सवर ठरतं. या गाडीच्या धडधाकट कॉइलची प्रायमरी साधारण ३ ओहमची. १२ भागिले ३, म्हणजे फार तर ४ अँपिअर. पॉइंटांना एवढा सोसतो.

(मीटरचा पडदा: ३.९.)

आता पद्मिनीची कॉइल. वायरी सोडवल्या, मीटर लावला. ३.९! मालकांचा चेहरा उतरला. मेस्त्रींनी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या: ०.३. हा मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स, तो वजा करायचा. राहिले ३.६. शिवाय कॉइल अजून चटका बसेल इतकी तापलेली. तांबं दर १० अंशांना जवळपास ४ टक्के रेझिस्टन्स वाढवतं. मग थांबायचं. चहा आला. तासाभरानं पुन्हा मोजलं: ३.३, वजा ०.३.

"बाब, ही जळलेली नाही."

मधल्या टोकापासून प्रायमरीच्या टोकापर्यंत सेकंडरीही मोजली. साडेसात हजार ओहम, ठीक. तापल्यावर आतलं इन्सुलेशन फुटत असेल तर ते मात्र मीटरला दिसत नाही. म्हणून मेस्त्री ठिणगीही बघतात.

(अंधारात निळी ठिणगी.)

आणि खोक्यातली नवी? दीड ओहम. ही बॅलास्टची, म्हणजे बाहेर जोडलेल्या जादा रेझिस्टन्ससोबत चालणारी कॉइल. ज्या गाडीत बाहेर दीड ओहमचा बॅलास्ट असतो आणि सेल्फ मारताना तेवढ्यापुरता तो वगळला जातो, तिच्यासाठी बनवलेली. या पद्मिनीत बॅलास्ट नाही. बसवली असती तर ८ अँपिअर, पॉइंट जळाले असते, मागोमाग कॉइलही.

(डिस्ट्रिब्यूटरची कॅप उजेडात धरलेली.)

दोष इथे होता, ठिणगी एकेका प्लगला वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये. कॅपच्या आत ओल, आणि केसाएवढ्या भेगेत उमटलेली ही काळी रेघ. ठिणगी प्लगपर्यंत न जाता याच वाटेनं पळत होती.

नवी कॅप बसली. जुन्या कॉइलवर मेस्त्रींनी खडूनं लिहिलं: ३.०. मालकांनी खोकं बंद केलं.

(सेल्फचा आवाज. इंजिन. गाडी पावसात बाहेर पडते.)