अनारशावरची खसखस

(दृश्य: लालबागची मसाला गल्ली. डंकाचा धडधडाट, ठसक्याने शिंकणारं गिऱ्हाईक.)

मिरची, धणे पोत्यांत उघडे असतात. खसखस मात्र बरणीत, गल्ल्याजवळ. भावच तसा आहे! शंभर ग्रॅम मागा, दुकानदार विचारणार, "मसाल्याला की अनारशाला?"

ही खसखस म्हणजे अफूचं बी. हिरव्या बोंडाला चीर दिली की पाझरतो तो चीक म्हणजे अफू. बोंड वाळल्यावर आत खुळखुळतं ते बी, त्यात नशा जवळपास नाहीच. आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात हे पीक सरकारी परवान्यावर घेतलं जातं. पण लेक दुबईला निघाला असेल तर आईने त्याच्या बॅगेत ही पुडी भरू नये. तिथे खसखस बाळगणं हाच गुन्हा.

हिची रानातली बहीण लाल पॉपी. युरोपात गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवते, पाकळ्या पतंगाच्या कागदाइतक्या पातळ. तिच्यात मॉर्फिन, म्हणजे अफूतलं नशेचं द्रव्य, नसतं. इटलीच्या दक्षिणेला, पुलियात, कळी धरायच्या आधी तिचा कोवळा पाला खुडतात आणि ऑलिव्ह घालून परततात. आपला टाकळा नाही का, पहिल्या पावसात कोवळा असतानाच घ्यायचा? तुर्कस्तानच्या बोझजाआदा बेटावर तिच्या पाकळ्यांचं लालभडक सरबत मिळतं.

(दृश्य: लोकलच्या रुळांकडेची काटेरी झुडपं, पिवळी फुलं.)

मुंबईत या कुळातलं रानात उगवणारं झाड कोणतं? पिवळा धोत्रा. नाव धोत्र्याचं, कूळ अफूचं, माहेर मेक्सिको. पान मोडलं की पिवळा चीक येतो. याला तोंड लावायचं नाही. बी मोहरीसारखं काळं, आणि घात तिथेच होतो. 1998मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात याच्या तेलाची भेसळ झाली. अंगावर सूज येऊन माणसं दगावली.

(दृश्य: गिरगावातलं स्वयंपाकघर, दिवाळीची सकाळ.)

तीन दिवस भिजवलेल्या तांदळाचं पीठ गुळात मळून मुरवलेलं. गोळी खसखशीवर थापायची, बोटांनी, हलक्या हाताने. तुपात सोडताना खसखशीची बाजू वर. अनारसा उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. जाळी पडली तर सुगरण, नाही तर पीठ हसलं म्हणायचं. कितीही जपा, थोडी खसखस सुटतेच, तळाशी जाऊन करपते. म्हणून दर घाण्यानंतर तूप गाळायला शेजारी एक गाळणी तयार.