सूज उतरली, नजर किती सुधारली?

एका मधुमेही रुग्णाच्या डोळ्याचे ओसीटी स्कॅन, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने घेतलेले दृष्टिपटलाचे छेदचित्र, समोर आहे असे समजा. निरोगी डोळ्यात दृष्टिपटलाच्या मध्यभागी, म्हणजे मॅक्युलाच्या जागी, उथळ खळगा असतो. इथे तो भरून उंचवटा झाला आहे आणि त्यातील काळ्या पोकळ्या म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांतून झिरपून साचलेला द्रव आहे; हीच मॅक्युलाची सूज. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की या वाहिन्या खराब होतात, दृष्टिपटलाला प्राणवायू कमी पडतो आणि डोळ्यात व्हीईजीएफ नावाचे प्रथिन जास्त तयार होऊ लागते, ज्यामुळे गळती आणखी वाढते.

बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट ही इंजेक्शने याच प्रथिनाला अडवतात. यांपैकी बेव्हॅसिझुमॅब हे मुळात आतड्याच्या कर्करोगाचे औषध. डोळ्यासाठी ते रुळले, त्यात कमी किमतीचा मोठा वाटा आहे. डोळ्यात सुई म्हटले की रुग्ण धास्तावतो. प्रत्यक्षात डोळा थेंबांनी बधिर करून, पोव्हिडोन आयोडीनने जंतुविरहित करून, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर पांढऱ्या भागातून बहुधा ०.०५ मिलिलिटर औषध सोडले जाते, आणि सुई आत असते ती काही सेकंदच.

अमेरिकेत ६६० रुग्णांवर या तिन्ही औषधांची तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीची नजर थोडीच कमी असलेल्यांना वर्षभरात तक्त्यावरची सरासरी आठेक अक्षरे जास्त वाचता आली, औषध कोणतेही असो. नजर बरीच घसरलेल्यांत मात्र अफ्लिबरसेप्टने सुमारे १९, रॅनिबिझुमॅबने १४ आणि बेव्हॅसिझुमॅबने १२ अक्षरांची भर पडली. त्यासाठी पहिल्या वर्षी नऊ-दहा इंजेक्शने लागली, कारण औषधाचा प्रभाव ओसरला की द्रव पुन्हा साचू शकतो.

तरीही ओसीटीवरची जाडी जितकी उतरेल तितकी नजर वाढेल, असा हिशेब जुळत नाही. सूज दीर्घकाळ राहून प्रकाश टिपणाऱ्या पेशी मेल्या असतील किंवा मॅक्युलाचा रक्तपुरवठाच तुटला असेल, तर स्कॅन सुधारूनही रुग्ण म्हणतो, "फरक काहीच नाही", आणि त्याचे खरे असते.

उलट बाजूही आहे. मध्यभागी सूज असूनही नजर चांगली असलेल्या रुग्णांना लगेच इंजेक्शन न देता लक्ष ठेवल्यास दोन वर्षांत जास्त नुकसान झाले नाही, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. अर्थात त्या रुग्णांची तपासणी ठरल्या वेळी होत होती आणि नजर घसरताच त्यांना इंजेक्शन दिले जात होते.