दादांची पॉइंट टू-टू

राम राम मंडळी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळं घर यावलला जमलं, की रात्री ओट्यावर आजोबांच्या बंदुकीची गोष्ट निघायचीच. आजोबांना आम्ही दादा म्हणायचो. गोष्ट 1960च्या दशकातली. दादांकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची पॉइंट टू-टू, म्हणजे 0.22 इंच नळीची, रायफल होती. एका रात्री केळीच्या बागात रानडुक्कर शिरलं. दादांनी चाप ओढला, नुसतं 'टक्' झालं. बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारी खिटी, ओढून पुन्हा चाप दाबला, पुन्हा 'टक्'. तोवर डुक्कर अंगावर आलं होतं. मांडीवरची सुळ्याची खूण आम्ही पोरं बोट लावून पाहायचो. "काडतुसं दमट निघाली," दादा एवढंच म्हणायचे.

टू-टूचं हे 'लाँग रायफल' काडतूस 1887 सालापासूनचं. आपल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत मोठ्या रायफलींची काडतुसं बनतात, त्यांच्या बुडाच्या मधोमध ठिणगी देणारी टोपी असते. टू-टूला तशी टोपी नसते. पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेच्या पोकळीत गोल फिरवून भरतात. एखाद्या जागी तो पोचला नाही आणि चाप ओढल्यावर आपटणारी पिन नेमकी तिथेच बसली, तर बार होत नाही. तेल किंवा ओल झिरपली तरी मसाला मरतो. म्हणून दादांचं म्हणणं कुणाला खोटं वाटलं नाही.

पुढे वडिलांनी ती रायफल दुरुस्तीला दिली. कारागिरानं नळीच्या मागच्या तोंडाशी, जिथे काडतुसाची कड टेकते, तिथे पडलेला खड्डा दाखवला. म्हणाला, रिकाम्या बंदुकीचा चाप कुणीतरी फार वेळा ओढलाय. आत काडतूस नसलं, की टू-टूची पिन थेट नळीच्या कडेवर आपटते. खड्डा पडला की कडेला खालून टेकू राहत नाही आणि पिनेचा घाव वाया जातो.

चाप ओढणारे आम्हीच होतो. दुपारी मोठी माणसं झोपली, की माळ्यावर चढून टक्-टक् करायचो. दादांना हे कधी कळलं नाही. मी सांगितलं नाही. ती जखम आठवली की आजही माझा जीव कासावीस होतो.

परवानाधारक मंडळी, बार झाला नाही तर बोल्ट लगेच उघडू नका. मसाला कधी उशिरा पेटतो. नळी मोकळ्या, निर्धोक बाजूला धरून निदान अर्धा मिनिट थांबा. आवाज फुसका आला तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्यावर दुसरी झाडली तर नळी फुटू शकते. बंदूक रिकामी करा आणि कारागिराकडे न्या. अडीच ग्रॅमची गोळी म्हणून तिला हलकी समजू नका, ती दीड मैलापर्यंत जाते. आणि बंदूक कुलपात ठेवा. आमच्या घरी माळ्याला कुलूप नव्हतं.

दादा गेले, त्याच आठवड्यात वडील रायफल आणि उरलेली काडतुसं पोलीस ठाण्यात जमा करून आले. परवानाधारक वारला की हत्यार ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. वारसाला हवं असेल तर त्यानं स्वतःच्या नावावर परवाना मागायचा. वडिलांनी मागितला नाही.

गोष्ट अजून आखाजीला निघते. आता ती मी सांगतो, माळ्यावरच्या दुपारींपासून.