टेकडीवरची खोली

(दृश्य: सकाळ. मोंदेगो नदीच्या पुलावरून दिसणारी टेकडी. फक्त पाण्याचा आवाज.)

ही मोंदेगो नदी. समोर टेकडीच्या माथ्यावर मनोरा दिसतो, तो विद्यापीठाचा. पोर्तुगालमधल्या या कोइंब्रा शहरात वाट चुकलं तरी घाबरायचं कारण नाही. मान वर केली की मनोरा दिसतो. तिथवर पोहोचायचं तर मात्र चढण चुकत नाही.

(दृश्य: केब्रा कोश्ताशच्या पायऱ्या. चाकांची बॅग उचलून चढणारी मुलगी.)

ही मुलगी सांगलीची. एका सेमिस्टरसाठी इथे इतिहास शिकायला आली आहे. तीस क्रेडिटचे विषय, गुण वीसपैकी, पास व्हायला दहा हवेत. अभ्यासाचं असं सगळं येण्याआधीच ठरलेलं होतं. राहायचं कुठे, ते ठरायचं होतं.

(दृश्य: पास दश एश्कोलाश, विद्यापीठाचं मोठं अंगण. तीन बाजूंनी इमारती, चौथ्या बाजूला नदी.)

राजा दिनिश याने 1290 मध्ये हे विद्यापीठ स्थापन केलं, पण इथे नाही, लिस्बनला. 1308 मध्ये ते कोइंब्राला आलं, परत गेलं, पुन्हा आलं. अखेर 1537 मध्ये तिसऱ्या जुआंव राजाने ते कायमचं इथे वसवलं आणि स्वतःचा राजवाडाच वर्गांना दिला. 1597 मध्ये विद्यापीठाने तो वाडा विकत घेतला. एकेकाळी जिथे सिंहासन होतं, त्या दालनात आज डॉक्टरेटच्या परीक्षा होतात. भिंतींवर पोर्तुगालच्या राजांची तैलचित्रं आहेत आणि खाली खुर्चीत घामाघूम झालेला उमेदवार.

(दृश्य: जुआनिना ग्रंथालय. सोनेरी नक्षी, छतावरची चित्रं, कपाटांना टेकलेल्या शिड्या.)

हे ग्रंथालय पाचव्या जुआंवच्या काळातलं, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेलं. भिंती दोन मीटरहून जाड, दार सागवानी. त्यामुळे बाहेर उन्हाचा कितीही तडाखा असला तरी आतली हवा बदलत नाही. कपाटं ओकच्या लाकडाची आहेत. त्या लाकडाच्या वासाने कीड लांब राहते, आणि जी राहत नाही तिच्यासाठी वेगळी व्यवस्था आहे.

(दृश्य: संध्याकाळ. कर्मचारी टेबलांवर कातडी आच्छादनं पसरताना. हातांचा क्लोज-अप.)

कपाटांच्या मागच्या फटींमधून वटवाघळांची वस्ती आहे. रात्री ती बाहेर पडतात आणि पुस्तकं खाणारे किडे खातात. त्यांची विष्ठा जुन्या टेबलांवर पडू नये म्हणून रोज संध्याकाळी ही कातडी पसरायची आणि सकाळी उचलून फरशी पुसायची. पाहा, हा माणूस आच्छादनाची कड टेबलाच्या कोपऱ्यावर कशी दुमडतो. एकदा दुमडली, तळहाताने दाबली, की पुढचं टेबल. पुस्तकांची इतकी साधी आणि इतकी नेमाने केलेली राखण आम्ही दुसरीकडे पाहिली नाही.

खालच्या मजल्यावर विद्यापीठाचा जुना तुरुंग आहे. 1834 पर्यंत विद्यार्थ्यांवर शहराचा कायदा चालत नसे, विद्यापीठाचा चाले. न्यायनिवाडाही विद्यापीठाचा आणि कोठडीही त्याचीच.

(दृश्य: आल्मेदिनाची कमान, अरुंद गल्ल्या, वाळत घातलेले कपडे.)

आता टेकडीवरून थोडं खाली येऊ. पर्यटकांच्या माहितीपत्रकात ज्याला चार ओळीसुद्धा मिळत नाहीत, ती गोष्ट इथे आहे. आमच्या मते विद्यापीठ समजून घ्यायचं तर ते इथून समजतं.

1309 मध्ये, म्हणजे विद्यापीठ कोइंब्राला आल्याच्या दुसऱ्याच वर्षी, दिनिश राजाने फर्मान काढलं. आल्मेदिना भागात विद्यार्थ्यांसाठी घरं बांधायची. आणि त्यांचं भाडं घरमालकाने नाही, राजाने नेमलेल्या समितीने ठरवायचं. त्या समितीत गावातले प्रतिष्ठित लोक होते आणि विद्यार्थीही होते. बाहेरून मुलं शिकायला बोलवायची तर त्यांच्या डोक्यावर परवडणारं छप्पर असलं पाहिजे, एवढं सातशे वर्षांपूर्वीच्या राजाला कळलं होतं.

(दृश्य: जुन्या घराचा दर्शनी भाग. रंगवलेलं चिन्ह, खिडकीतून लोंबणारा झेंडा.)

त्या परंपरेतून पुढे रेपुब्लिका उभ्या राहिल्या. रेपुब्लिका म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेलं घर. इथे वॉर्डन नाही, मॅनेजर नाही. भाडं एकत्र भरायचं, बाजार एकत्र आणायचा, रात्रीचं जेवण एका टेबलावर. हिशेबाची वही पाळीपाळीने प्रत्येकाकडे येते. निर्णय बहुमताने होत नाहीत, सगळ्यांनी हो म्हटल्यावरच होतात, आणि तोपर्यंत बैठक चालते.

(दृश्य: सामाईक खोली. भिंतभर चित्रं, जुने फोटो, घोषणा.)

ही भिंत आम्ही मुद्दाम बराच वेळ दाखवतो आहोत. प्रत्येक पिढीने इथे काहीतरी लिहून, रंगवून ठेवलं आहे, आणि आधीच्यांचं पुसायचं नाही असा रिवाज आहे. घर सोडून गेलेली माणसं वर्षातून एकदा वर्धापनदिनाला परत येतात. तेव्हा घराचं एक वर्ष शंभर वर्षांचं धरतात, त्यामुळे पन्नास वर्षांची रेपुब्लिका अभिमानाने पाच हजारावा वाढदिवस साजरा करते. टेबलाच्या एका टोकाला पांढऱ्या केसांचे वकील, डॉक्टर, तर दुसऱ्या टोकाला गेल्या आठवड्यात आलेला पोरगा. आणि ताटं घासायची पाळी लिहिलेला कागद दोघांच्या मध्ये.

(दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं. काळ्या केप घातलेल्या विद्यार्थ्यांची गर्दी.)

इथल्या विद्यार्थ्यांनी सरकारालाही प्रश्न विचारले आहेत. 17 एप्रिल 1969. हुकूमशाहीचा काळ. गणित विभागाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन करायला राष्ट्राध्यक्ष आमेरिको तोमाश आले होते. विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष आल्बेर्तो मार्तिंश उभा राहिला आणि त्याने बोलण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही, आणि त्याच रात्री त्याला अटक झाली. मग वर्ग बंद पडले, विद्यार्थ्यांनी परीक्षांवर बहिष्कार टाकला. त्या जूनमध्ये पोर्तुगीज चषकाच्या अंतिम सामन्यात कोइंब्राच्या विद्यार्थ्यांचा संघ, आकादेमिका, मैदानात उतरला, तेव्हा प्रेक्षागृहात फलक झळकले. अनेक विद्यार्थी नेत्यांना सक्तीने सैन्यात धाडलं गेलं. पुढे पाच वर्षांनी, 1974 च्या एप्रिलमध्ये, ती राजवट कोसळली.

(दृश्य: ग्रंथालयाच्या वाचनकक्षात जुन्या नियतकालिकांची पानं उलटणारी सांगलीची मुलगी.)

तिच्या प्रबंधाचा विषय इथेच सापडला, आणि तो आपल्या घराजवळचा निघाला. मडगावचे आदेओदातु बार्रेतो 1920 च्या दशकात कोइंब्राला शिकायला आले. तेलो द मास्कारेन्यस त्याच काळात इथे कायदा शिकत होते. 1928 मध्ये या गोवेकर विद्यार्थ्यांनी याच शहरातून ‘इंदिया नोव्हा’ नावाचं पत्र काढलं. भारत, त्याची संस्कृती, त्याची जागृती यांविषयी ते पोर्तुगीज भाषेत लिहीत होते, आणि तेही पोर्तुगालच्या विद्यापीठनगरीत बसून. बार्रेतो 1937 मध्ये, ऐन उमेदीत गेले. मास्कारेन्यस पुढे गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरले आणि त्यांनी पोर्तुगालमध्ये दीर्घ कारावास भोगला. महाराष्ट्रातल्या इतिहासाच्या वर्गात या दोघांचं नाव निघायला हवं. निघत नाही, याची आम्हाला मनापासून खंत वाटते.

(दृश्य: जुन्या कॅथेड्रलच्या पायऱ्या, रात्र. केप पांघरलेले गायक, गिटार.)

कोइंब्राचा फादो, म्हणजे गिटारच्या साथीने गायचं पोर्तुगालचं पारंपरिक गाणं. ही गिटार लिस्बनच्या गिटारपेक्षा एक स्वर खाली लावतात, आणि तिच्या डोक्याशी थेंबाचा आकार असतो. मे महिन्यात केइमा दश फिताश हा विद्यार्थ्यांचा मोठा उत्सव याच पायऱ्यांवरच्या गाण्याने सुरू होतो. इथे दाद द्यायची पद्धत म्हणजे टाळ्या नव्हेत, हलकंसं खाकरणं.

(फादो पूर्ण ऐकू द्यावा. निवेदन नाही.)

(दृश्य: गल्लीतली कुलूपबंद खिडकी, ‘पर्यटकांसाठी निवास’ अशी पाटी.)

विद्यापीठ, वरचं शहर आणि सोफिया मार्ग यांना 2013 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. त्याच्या आदल्या वर्षी, 2012 मध्ये, नवा भाडेकायदा आला, जुने करार बदलण्याचा मार्ग मोकळा झाला आणि रेपुब्लिकांची घरं धोक्यात आली.

(दृश्य: रेपुब्लिकाचं स्वयंपाकघर. मोठ्या पातेल्यात काल्दु व्हेर्द, हिरव्या पानांचं बटाट्याचं सूप. मुलगी पानं बारीक चिरते आहे.)

पहिले काही आठवडे तिने एका खासगी खोलीत काढले. खोलीला खिडकी नव्हती आणि भाडं शिष्यवृत्तीचा मोठा वाटा गिळत होतं. मग वर्गातल्या एका मुलाने तिला इथे जेवायला आणलं. या घरांत शिरायची रीतच तशी आहे. जाहिरात नसते, अर्जाचा नमुना नसतो. जेवायला यायचं, भांडी घासायची, बैठकीला बसायचं, आणि माणसं जुळली तर खोलीचा विषय निघतो.

(दृश्य: टेबलाभोवती बैठक. हिशेबाची वही उघडी.)

आज बैठकीत तिचाच विषय आहे. सेमिस्टर संपायला आलं, पण प्रबंधासाठी तिला उन्हाळाभर राहायचं आहे, आणि खोली सप्टेंबरपासून दुसऱ्या कुणाला कबूल केलेली आहे. पोर्तुगीजमध्ये अडखळत ती आपली बाजू मांडते. सहा जण हो म्हणतात. सातवा म्हणतो, ऑगस्टमध्ये छताची कौलं बदलायची आहेत, तेव्हा ती खोली रिकामी लागेल.

मग ऑगस्टभर तिने सामाईक खोलीत झोपावं, असा तोडगा निघतो. सातवा मान हलवतो. जुलैच्या पानावर तिचं नाव लिहिलं जातं, आणि त्याखाली बाजाराची पाळी: मंगळवार.