जांभ्यावरची फुलं

(दृश्य: पुराचं पाणी ओसरलेलं गाव. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ.)

ऑगस्ट २०१९. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाण्यानं ५५ फूटही ओलांडले. मी ख्रिस्ती मंडळीच्या सेवेत नवी होते. शिरोळ तालुक्यातल्या एका गावात घराघरांतून गाळ उपसत होतो, औषधं वाटत होतो.

शिरोळला पाऊस तसा कमीच. तो कोसळतो पश्चिमेला, गगनबावड्याकडं. तिथलं पाणी कुंभी, कासारी, तुळशी, भोगावतीतून पंचगंगेत येतं आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळतं. ज्यांच्या डोक्यावर पाऊस पडलाच नाही, त्यांची घरं त्यानं नेली.

एका आजीची दोन्ही जनावरं दावणीलाच गेली होती. मी प्रार्थना करू का, असं विचारलं. ती म्हणाली, "पोरी, पाऊस देव पाडतो म्हणतीस. मग ह्यो कुणी पाडला?"

नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर देव सारखाच पाऊस पाडतो, ही येशूची शिकवण मला लहानपणापासून पाठ. त्या दारात ती सांगायला माझी जीभ रेटली नाही. मी खाली बसले आणि तिच्याबरोबर भांडी घासली.

(दृश्य: मसाई पठार. धुकं. दूरवर एक इरलं चाललंय.)

सप्टेंबरात आमची आरोग्यफेरी पन्हाळ्याच्या पलीकडं, धनगरवाड्यांकडं होती. वाट मसाई पठारावरून जाते. पन्हाळ्याहून विशाळगडाकडं निघालेले शिवाजी महाराज १६६० साली याच बाजूनं गेले. उन्हाळ्यात हे पठार म्हणजे उघडा जांभा. माती बोटभर, कुठं तेवढीही नाही.

त्या दिवशी धुकं हललं आणि समोर सगळं पठार निळं-जांभळं झालेलं. मी जागच्या जागी थांबले.

(दृश्य: फुलं, अगदी जवळून.)

ही सीतेची आसवं. उंची वीतभरसुद्धा नाही. हिला खरी मुळंही नसतात. एवढ्या निकस मातीत पोषण मिळणार कुठून? म्हणून ओल्या मातीत हिच्या बारीक बारीक पिशव्या असतात. त्यात सूक्ष्म जीव अडकतात, आणि त्यावर ही जगते. कुणी पेरत नाही, कुणी पाणी घालत नाही. काही आठवड्यांत फुलणं संपतं, पठार पुन्हा गवताचं होतं.

रानातल्या फुलांकडं पाहा, असं येशूनं गालीलच्या डोंगरावर लोकांना सांगितलं. त्या वचनावर मी रविवारच्या शाळेत कितीदा बोलले असेन. पण पाहा म्हणजे खरोखर थांबून पाहा, हे मला तिथं, ओल्या दगडावर गुडघे टेकल्यावर कळलं.

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. आमच्या मंडळीचा इतिहास आम्ही तिथून मोजतो. देवाचं प्रेम आपण लोकांपर्यंत घेऊन जातो, औषधांच्या खोक्याबरोबर, असंच मीही धरून चालले होते. ही फुलं १८५२ च्या कितीतरी आधीपासून दर भाद्रपदात उमलत होती, कुणी बघो न बघो. प्रेम आमच्या आधी येऊन थांबलं होतं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मी रडले. पुरात गेलेल्या सगळ्यांसाठी रडले, आणि मला कुणीतरी जवळ घेतल्यासारखं वाटलं.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर त्या फुलांत नव्हतं. ते आजही माझ्याजवळ नाही. तरी परत गेल्यावर मी तिला पठाराबद्दल सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला दावशील?"

मधे करोना आला. २०२१ ला पुन्हा पूर आला. २०२२ च्या सप्टेंबरात आजीला आरोग्यफेरीच्या जीपमध्ये पुढं बसवलं.

(दृश्य: पठाराची कड. जीपचं दार उघडतं.)

पठारावर उतरल्याबरोबर तिनं पायातल्या चपला काढून हातात घेतल्या. खाली जांभा, बोचरा. मी म्हटलं, "आजी, घाला की. टोचंल."

"आन् फुलं तुडवू व्हय?" ती म्हणाली, आणि दगड बघत बघत, एकेक पाऊल टाकत पुढं निघाली.