शब्द कोण टाकणार?

(दृश्य : सकाळचे साडेआठ. मकरपुरा जीआयडीसीकडे, म्हणजे औद्योगिक वसाहतीकडे जाणारा रस्ता. कंपन्यांच्या बसेस, दुचाक्या, तोंडाला स्कार्फ बांधलेल्या मुली.)

वडोदऱ्याच्या या रस्त्यानं मी अठरा वर्षं ये-जा केली आहे. घर दांडिया बाजारात, नोकरी ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका कंपनीत, डिझाइन विभागात. घरी मराठी, गल्लीत मराठी आणि गुजराती दोन्ही, कंपनीत सगळा कारभार गुजरातीत. तिथं मी 'बेन'. कुणी कधी अपमान केला नाही, डब्यातल्या पुरणपोळीचं कौतुकही झालं.

सहाव्या वर्षी एका मोठ्या टेंडरसाठी मी कोअरची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पोलादी गाभ्याची रचना बदलली. पत्र्यांचे सांधे एकाच जागी न येऊ देता पायरीपायरीनं सरकवले, तर नो-लोड लॉस, म्हणजे भार नसतानाही वाया जाणारी वीज, कमी होतो. हे पुस्तकात असतंच. आमच्या यंत्रांवर, आमच्या कारागिरांच्या हातून ते जमवायला चार महिने गेले. ऑर्डर मिळाली. पुढच्याच महिन्यात विभागाचा नवा प्रमुख निवडायची बैठक झाली आणि तीत माझं नाव निघालंच नाही. नाव निघून नाकारलं गेलं असतं, तर निदान भांडता आलं असतं.

आठवड्यानं एक सहकारी सहज म्हणाला, "बेन, तमारे जोईतुं हतुं? कोईने कह्युं नहोतुं ने!" तुम्हाला हवं होतं का? कुणाला बोलला नव्हतात ना!

तो खरं बोलत होता. मी कुणालाच बोलले नव्हते.

(दृश्य : दांडिया बाजारातला जुना वाडा. लाकडी जिना, ओसरीवर वर्तमानपत्र वाचणारे आजोबा.)

आमच्या घरात एक वाक्य लहानपणापासून ऐकलं : काम चोख करावं, कुणाच्या दारात जाऊ नये. वशिला हा शब्द बाबा शिवीसारखा उच्चारायचे. त्यामुळं कुणी आपल्यासाठी शब्द टाकणं म्हणजे वशिलाच, असं माझ्या मनात पक्कं बसलं होतं. फरक कळायला दहा वर्षं लागली. वशिल्यात नातं आधी बघतात, कामाचं नंतर पाहू म्हणतात. शब्द टाकणारा तुमचं काम पाहून मग तोंड उघडतो.

कंपन्यांच्या भाषेत या माणसाला स्पॉन्सर म्हणतात. आपल्याला तो शब्द ऐकला की गणपतीच्या मंडपावरचा बोर्ड आठवतो. मला त्यापेक्षा जवळचा शब्द वाटतो तो जामीन. मार्गदर्शक केबिनमध्ये बसवून चुका सांगतो, पुस्तकं सुचवतो. त्यात त्याचं काही पणाला लागत नाही. जामीन राहणारा स्वतःची पत लावतो. तुमचा हप्ता चुकला, तर बँक त्याच्याही दारात जाते.

२०१० मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त हर्मिनिया इबारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच मांडलं होतं : बायकांना मार्गदर्शक भरपूर मिळतात, जामीन राहणारे कमी, म्हणून बढत्याही कमी. अमेरिकेत कृष्णवर्णीय, लॅटिन आणि आशियाई वंशाच्या बायकांसाठी ही दरी आणखी रुंद आहे. मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी आणि लीन-इन ही स्त्रियांसाठी काम करणारी संस्था यांच्या २०२३ च्या अहवालात पहिल्या मॅनेजरपदाचा आकडा आहे. १०० पुरुषांना ती बढती मिळाली तेव्हा स्त्रियांचं प्रमाण ८७ होतं, आणि गोऱ्या नसलेल्या स्त्रियांचं ७३. पहिल्याच पायरीवर.

त्याच देशात कृष्णवर्णीय इंजिनिअर उर्सुला बर्न्स झेरॉक्स कंपनीत १९८० साली उन्हाळी इंटर्न म्हणून लागल्या. एका बैठकीत वेलँड हिक्स या वरिष्ठांनी विविधतेबद्दलच्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर दिलं आणि बर्न्स त्यांना तोंडावर बोलल्या. हिक्स रागावले. पण बाई त्यांच्या लक्षात राहिली. १९९० मध्ये त्यांनी तिला आपली सहायक नेमलं, वर्षभरात कंपनीचे सर्वोच्च अधिकारी पॉल अलेर यांनी तिला आपल्याकडे घेतलं. मोठे निर्णय कसे होतात, हे ती शेजारी बसून पाहत गेली. २००९ मध्ये ती कंपनीची प्रमुख झाली. पण असं बोलून निभावायला आधी कामाची पत लागते, हे सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही.

(दृश्य : सयाजीबाग. वडाचं झाड, आंबेडकरांच्या आठवणीची संकल्पभूमी. संध्याकाळ.)

शब्द टाकण्याची एक फार मोठी गोष्ट आपल्याच शहराशी जोडलेली आहे, आणि ती सगळी सुखाची नाही.

भीमराव आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलावर कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांचं लक्ष होतं. पुढच्या शिक्षणाला पैसा उरला नाही, तेव्हा केळुसकरांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महाराजांनी मुलाला समोर बसवून प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड मंजूर झाले. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची होती.

त्या करारानुसार ते १९१७ मध्ये बडोद्यात आले. स्टेशनवर त्यांना घ्यायला कुणी नव्हतं. राहायला जागा कुणी देईना. एका पारशी विश्रामगृहात ते नाव बदलून राहिले. कचेरीत शिपाई फायली लांबून टेबलावर टाकत. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसं दारात आली. रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट बघत परदेशात शिकून आलेला हा विद्वान याच बागेत बसून होता. तेव्हा हिला कमाटीबाग म्हणत.

माझ्या हुकलेल्या बढतीची आणि त्या अपमानाची तुलना मी करणार नाही. दांडिया बाजारातली मराठी माणसं तर एकेकाळी इथल्या राज्यकर्त्यांच्या बाजूची, माझं परकेपण त्या मानानं फार हलकं आहे. पण या बागेत आले, की मला नेहमी एकच गोष्ट टोचते. महाराजांच्या मनात खोट नव्हती. त्यांचा शब्द राजवाड्यात चालला आणि स्टेशनवर, विश्रामगृहात, शिपायाच्या टेबलापाशी चालला नाही. नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर खरी गरज सुरू होते, आणि तेव्हाच शब्द टाकणारा बहुतेक वेळा दुसऱ्या कामाला लागलेला असतो.

(दृश्य : कारखान्याचा शॉपफ्लोअर. कॉइल गुंडाळणारे कारागीर. टेस्टिंग विभागाचा लाल दिवा.)

आमच्या कंपनीत साडेपाचनंतर पुरुष मंडळी गेटबाहेरच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, चहा-सेवउसळीला थांबायची. कुणाची बदली, कुणाला कुठला प्रोजेक्ट, हे तिथं निम्मं ठरायचं. मला पावणेसहाची बस पकडायची असे. लारीवर उभं राहायचा हट्ट मी केला नाही. मी शोधलं ते एवढंच, की बढतीच्या बैठकीला नक्की कोण बसतं. पाच माणसं होती. त्यांतली दोन मला चेहऱ्यानंसुद्धा ओळखत नव्हती. तिसरे होते प्लांटचे प्रमुख.

जामीन राहणारा माणूस काय बघतो? कर्ज कशासाठी, फेडायची ताकद आहे का, आणि अडचण आली तर हा आधी मला सांगेल का. मी तेच धरून चालले. महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्लांटच्या प्रमुखांना एक पान द्यायचे. काय केलं, त्यानं किती तांबं वाचलं, किती दिवस वाचले, पुढं काय. कौतुकाचा एक शब्द नाही, नुसते आकडे. आमच्या संस्कारात स्वतःबद्दल बोलणं बसत नाही, पण आकडे सांगायला मला कधी लाज वाटली नाही. म्हणून मी ती वाट धरली.

तरी खरं वळण आलं ते चुकीमुळं. माझ्या हिशोबातली एक गफलत मला उशिरा दिसली. तापमानवाढीच्या चाचणीत तो ट्रान्सफॉर्मर बसणार नव्हता. अजून कुणाला कळलं नव्हतं. मी त्याच दुपारी त्यांच्याकडे गेले, चूक कुठं आहे आणि दुरुस्तीला किती दिवस लागतील ते सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्हाला पुढं काय करायचंय?" इतक्या वर्षांत हे मला पहिल्यांदा कुणी विचारत होतं. मी म्हणाले, "डिझाइन विभाग चालवायचाय." आठ महिन्यांनी बैठकीत त्यांनी माझं नाव घेतलं.

एक अडचण उघड बोलायला हवी, कारण कार्यशाळांमधून ती टाळतात. वरिष्ठ बहुतेक पुरुष, आणि बाईसाठी पुरुषानं शब्द टाकला की कुजबुज सुरू होते. आपल्या शहरात तर मंगळबाजारातल्या माणसालाही ती कळते. वरिष्ठही बिचकतात, ते भेटायचंच टाळतात. मी भेट नेहमी दुपारी, काचेच्या केबिनमध्ये, कॅलेंडरवर लिहून ठेवली. गणपतीला त्यांना सहकुटुंब घरी बोलावलं, सासूबाईंशी ओळख करून दिली. बाईनंच एवढी काळजी का घ्यायची, हा राग माझ्या मनात आजही आहे.

आणि दीड वर्षानं त्यांची दुसऱ्या युनिटला बदली झाली. त्या दिवशी मी पुन्हा एकटी पडले. एकाच माणसावर भिस्त ठेवायची चूक मी केली होती. त्यानंतर खरेदी विभाग, टेस्टिंग, मार्केटिंग अशा तीन ठिकाणी माझं काम माहीत असलेली माणसं तयार केली.

(दृश्य : महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा घुमट.)

हे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झालं तेव्हा पहिल्या कुलगुरू होत्या हंसाबेन मेहता. त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर असताना जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातले 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारे शब्द त्यांनी बदलून घेतले. १९४८ पासून तिथं 'सर्व मानव' आहे. तो मसुदा ठरत होता तेव्हा त्या टेबलाशी बसलेल्या होत्या.

(दृश्य : पुन्हा कारखाना. बैठकीची खोली, बंद दरवाजा.)

आता त्या बैठकीला मीही बसते. माझ्या विभागात छोटा उदेपूरकडची एक राठवा आदिवासी मुलगी आहे. मराठी माणसाला इथं परकं वाटतं म्हणताना मला तिच्यापुढं संकोच होतो. तिचं गुजराती वेगळ्या वळणाचं, जेवायला ती कोपऱ्यात बसायची. हिशोब मात्र असे करते, की तपासायला वेळ लागत नाही. कधी काही मागत नव्हती. मीच तिला बसवून विचारलं. दुसऱ्या दिवशी तिनं कागदावर लिहून आणलं : टेस्टिंग विभाग.

गेल्या महिन्यात मी तिचं नाव घेतलं. टेबलापलीकडून प्रश्न आला, "कोण?" मी तिची सहा महिन्यांची पानं पुढं सरकवली. बराच वेळ ती हातोहात फिरली.

टेस्टिंगमधल्या तिच्या पहिल्या दिवशी मी सकाळी आठला गेटवर उभी होते. तिला घेऊन आत गेले, जुन्या तंत्रज्ञांशी एकेकाची ओळख करून दिली आणि कुठल्या चाचणीवर तिची सही चालेल, ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. दुपारी जेवायला तिच्याच टेबलावर बसले. तिनं मक्याचा रोटला आणला होता. निम्मा माझ्या ताटात ठेवला.